विल्यम कॅरी : कागद काय सांगतात

इसवी सन १८०५. मराठी छपाईच्या इतिहासात हे साल दोन गावांच्या नावाने नोंदले गेले आहे. पहिले गाव मिरज, आमच्या कवठे महांकाळहून एसटीने तासाभराच्या वाटेवरचे. पुण्यात इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या प्रोत्साहनाने एका तांबट कारागिराने देवनागरी अक्षरे कोरायला घेतली होती आणि नाना फडणविसांच्या मनात भगवद्गीता छापून घ्यायची होती. मॅलेट १७९७ मध्ये गेला, नाना १८०० मध्ये वारले. कारागीर मिरजेस आला. गंगाधरराव गोविंद पटवर्धनांच्या आश्रयाने त्याने तांब्याच्या पत्र्यांवर पाने कोरली आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. अ. का. प्रियोळकरांनी मुद्रणाच्या इतिहासावरच्या आपल्या ग्रंथात ही हकीकत मांडली, म्हणून ती आपल्याला ठाऊक आहे.

दुसरे गाव सेरामपूर. नगर जिल्ह्यातले श्रीरामपूर नव्हे. कलकत्त्याच्या वर, हुगळीच्या काठावरचे, त्या काळी डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालचे. तिथल्या मिशन छापखान्यातून त्याच १८०५ साली दोन मराठी पुस्तके बाहेर पडली : मत्तयाच्या शुभवर्तमानाचे भाषांतर, आणि इंग्रजांना मराठी शिकवण्यासाठी लिहिलेले व्याकरण. व्याकरणाच्या मुखपृष्ठावर नाव होते विल्यम कॅरी. हा बॅप्टिस्ट पंथाचा पाळक. पुढे ज्या कॉलेजचा तो प्रमुख झाला, त्याला पदव्या देण्याचा अधिकार मिळाला तेव्हा मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांचा जन्म व्हायला अजून ३० वर्षे होती.

मराठी मुलखात या माणसाने कधी पाऊल टाकले नाही. १७९३ च्या नोव्हेंबरात तो बंगालमध्ये उतरला आणि १८३४ साली तिथेच मातीआड झाला. तरीही आधुनिक मराठी गद्याचा, व्याकरणाचा आणि शब्दकोशाचा इतिहास लिहिताना त्याला वगळता येत नाही. आपल्याकडे त्याच्याविषयी दोन टोकांचे बोलले जाते. कोणी त्याला थेट मराठी गद्याचा जनक करून टाकतो, कोणी मिशनऱ्याचे काम म्हणून हात झटकतो. दोघांनाही कागद उघडून बघायची गरज वाटत नाही. मला ती वाटते, कारण कॅरींच्या बाबतीत कागद पुष्कळ उरले आहेत आणि ते बोलके आहेत.

त्यातला एक अगदी सुरुवातीचा कागद इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनशायर परगण्यातल्या पिडिंग्टन गावच्या चर्चचा. १० जून १७८१ रोजी तिथे विल्यम कॅरी आणि डॉरोथी प्लॅकेट यांचे लग्न झाले. नोंदवहीत नवऱ्याने सही केली आहे. नवरीला अक्षर येत नव्हते. तिने फुली मारली आहे. नवरा तेव्हा २० वर्षांचाही नव्हता आणि जोडे शिवण्याचे काम करत होता. वडील आधी विणकर, मग गावच्या शाळेचे मास्तर. घरात पुस्तकांची ओढ होती, पैसा नव्हता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा कॅरी चांभारकाम करता करता शिकले.

दोन वर्षांनी, ५ ऑक्टोबर १७८३ रोजी, त्यांनी नेन नदीत बाप्तिस्मा घेतला. बॅप्टिस्ट लोक तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा मानत नाहीत. माणसाने कळत्या वयात, स्वतःच्या विश्वासाने पाण्यात उतरावे असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे ते इंग्लंडच्या राजमान्य चर्चच्या बाहेर पडत आणि त्याची किंमतही मोजत. राजमान्य चर्चची शपथ घेतल्याशिवाय ऑक्सफर्डला प्रवेश नव्हता आणि केंब्रिजला पदवी नव्हती. कॅरी गरीब नसते, चांभार नसते, तरीही आपल्या देशातल्या या दोन्ही विद्यापीठांची पदवी त्यांना मिळाली नसती. पुढे त्यांनी स्वतः ज्या संस्थेचे नियम लिहिले ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

मोल्टन आणि नंतर लेस्टर इथे ते मंडळीचे पाळक होते. २ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग गावी मूठभर पाळकांनी बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी काढली, तेव्हा जमलेली पहिली वर्गणी १३ पौंड, २ शिलिंग आणि ६ पेन्स होती. पुढच्या वर्षी कॅरी कुटुंब डॅनिश जहाजाने निघाले. डॉरोथी आधी यायला तयार नव्हती. पदरात तान्हे मूल होते. शेवटच्या क्षणी, बहीण बरोबर येईल या अटीवर, ती निघाली.

पुढचे वाचताना जीव गलबलतो. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून कॅरींनी उत्तर बंगालात मदनाबाटी इथे निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापकाची नोकरी धरली. तिथे १७९४ मध्ये पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. डॉरोथीचे मन त्यातून कधीच सावरले नाही. ८ डिसेंबर १८०७ रोजी तिचा मृत्यू झाला, तोवर जवळपास बारा वर्षे ती मनोरुग्ण होती आणि बऱ्याचदा तिला खोलीत बंद ठेवावे लागे. आता तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहा. बंगाली नवा करार १८०१, मराठी व्याकरण १८०५, मराठी मत्तय १८०५. ही सगळी कामे त्याच घरात, त्याच वर्षांत झाली. बहुतेक चरित्रकार या बाईला एका परिच्छेदात उरकतात. नोंदवहीतली ती फुली सोडली तर तिच्या हातचे फारसे काही उरले नाही, म्हणून तिच्या बाजूने बोलायला कागद नाही. पण तिच्या आयुष्याचा हिशोब कॅरींच्या कीर्तीतून वजा करता येणार नाही.

जानेवारी १८०० मध्ये कॅरी सेरामपूरला आले. डॅनिश अंमल असल्यामुळे तिथे कंपनीचा हात पोहोचत नव्हता. जोशुआ मार्शमन हा शिक्षक आणि विल्यम वॉर्ड हा मुद्रक नुकतेच येऊन दाखल झाले होते. त्याच वर्षी पलीकडे कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीने कंपनीच्या तरुण साहेबांना देशी भाषा शिकवण्यासाठी फोर्ट विल्यम कॉलेज काढले. १८०१ च्या एप्रिलमध्ये कॅरी तिथे बंगाली आणि संस्कृतचे शिक्षक झाले. पगार महिना ५०० रुपये. १८०७ मध्ये प्राध्यापक झाल्यावर तो १००० झाला. सेरामपूरच्या मंडळींचा आपसात करार होता की सगळी मिळकत एका पेटीत जायची. ७ ऑक्टोबर १८०५ रोजी त्यांनी तो लिहूनही काढला. त्यामुळे घरखर्चाची थोडी रक्कम वगळता हा सारा पगार छापखान्यात आणि शाळांत गेला.

मराठी या कॉलेजात आली ती युद्धामुळे. ३१ डिसेंबर १८०२ ला वसईचा तह झाला. १८०३ च्या सप्टेंबरात असईची लढाई, नोव्हेंबरात आडगावची, डिसेंबरात देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. नागपूरकर भोसल्यांनी कटक प्रांत सोडला. त्या मोहिमेत आर्थर वेलस्ली पुण्याकडे निघाला तेव्हा दक्षिणेतले जहागीरदार त्याच्या बाजूने होते, त्यात आमच्या भागातले पटवर्धनही. आता कंपनीला मराठी कागद वाचणारी, मराठी बोलणारी माणसे हवी होती. कॅरींकडे मराठीचे काम सोपवले गेले आणि १८०५ च्या व्याकरणावर त्यांची ओळख छापली गेली ती फोर्ट विल्यम कॉलेजातले संस्कृत, बंगाली आणि मराठीचे शिक्षक अशी. शुभवर्तमान छापण्यामागे धर्माची तळमळ होती. व्याकरण छापण्यामागे सरकारची निकड. दोन्हींना एकच माणूस आणि एकच छापखाना उपयोगी पडला.

पण मराठी मुलखातले एकही गाव न पाहिलेल्या माणसाला मराठी शिकवली कोणी? याचे उत्तर व्याकरणाच्या प्रस्तावनेतच आहे. कॉलेजातले मुख्य मराठी पंडित वैजनाथ यांच्या मदतीचा उल्लेख कॅरींनी तिथे केला आहे. मराठी वाङ्मयाचे इतिहास त्यांना वैजनाथशास्त्री कानफाडे म्हणून ओळखतात. कॅरींनी हे ऋण लपवले नाही, आणि त्या काळच्या साहेबांच्या मानाने ही गोष्ट लहान नाही. तरी मुखपृष्ठावर नाव एकच आहे.

कामाची रीत कशी होती ते १८०६ च्या जूनमध्ये कॅरींनी मायदेशी लिहिलेल्या एका पत्रात दिसते. आपला एक दिवस त्यांनी तासातासाने सांगितला आहे. पावणेसहाला उठून हिब्रू बायबलचा अध्याय. नोकरचाकरांसह बंगालीत प्रार्थना. चहा ओतला जात असताना फारसी, कारण मुन्शी दाराशी थांबलेलाच होता. न्याहारी होताच एका पंडिताबरोबर रामायणाचे भाषांतर, दहापर्यंत. मग कॉलेज, एक-दीडपर्यंत. घरी येऊन बंगाली यिर्मयाची प्रुफे. जेवणानंतर कॉलेजच्या मुख्य पंडिताबरोबर मत्तय संस्कृतात. संध्याकाळी सहाला तेलुगू शिकवायला दुसरा पंडित. साडेसातला प्रवचन. रात्री नऊनंतर पुन्हा भाषांतर, जवळजवळ बारापर्यंत.

हे पत्र चरित्रांमध्ये कॅरींच्या अफाट उद्योगाचा दाखला म्हणून येते, आणि तो दाखला खराच आहे. मी ते दुसऱ्या नजरेने वाचतो. भाषेच्या कामाचे कितीतरी तास असे आहेत की समोर कोणी देशी विद्वान बसलेला आहे. मुन्शी, पंडित, मुख्य पंडित, तेलंगी पंडित. नाव एकाचेही नाही. पगाराचे आकडेही हीच गोष्ट सांगतात : कॉलेजच्या बंगाली विभागात कॅरींना ५०० रुपये होते तेव्हा मुख्य पंडित मृत्युंजय विद्यालंकार यांना २००, दुसऱ्या पंडिताला १०० आणि बाकीच्यांना ४०. ज्यांची भाषा, त्यांच्याकडे पैसा आणि नाव कमी. ज्याची योजना, त्याच्याकडे जास्त. योजनेचे मोल मी कमी लेखत नाही. योजना नसती तर वैजनाथांची मराठी छापखान्यापर्यंत पोहोचलीच नसती.

आता छपाईकडे वळतो, कारण सेरामपूरचे मराठीला खरे देणे इथे आहे. मिरजेच्या गीतेत अख्खे पान तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले होते. तो पत्रा दुसऱ्या पुस्तकाला चालत नाही. सेरामपुरात सुटे खिळे होते. बंगाली कारागीर पंचानन कर्मकार यांनी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली अक्षरे कोरायची विद्या शिकलेली होती. ते सेरामपूरला आले आणि देवनागरीचे ठसे कोरले गेले. त्यांच्या पश्चात जावई मनोहर यांनी हे काम पुढे नेले. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. एकदा ठसा झाला की खिळे हवे तितके.

देवनागरीत हे जमते, कारण अक्षरे सुटी उभी राहतात. मोडीत काय करायचे? मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढतो, मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरामागून अक्षर वळवत जातो. शब्द संपला कुठे आणि सुरू झाला कुठे हे वाचणाऱ्याने ओळखायचे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. एकाच अक्षराला मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे वळण बदलते. हे धावते लिखाण शिशाच्या सुट्या तुकड्यांत बसवायचे, तुकडा तुकड्याला भिडला पाहिजे आणि वरची रेघ तुटता कामा नये! सेरामपूरच्या कारागिरांनी ते करून दाखवले. १८१० साली कॅरींचा मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला, त्यातले मराठी शब्द मोडीत छापलेले आहेत. साधारण दहा हजार शब्द. कॅरींना कळले होते की शास्त्री देवनागरी वाचतात, पण दरबार, हिशोब आणि बाजार मोडीत चालतो, आणि कंपनीच्या तरुण साहेबाची गाठ दुसऱ्या जगाशी पडणार आहे.

हे आमच्या भागातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले तेव्हा राज्यभर तहसील कचेऱ्यांतली जुनी दप्तरे सुटली आणि मोडी वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. जन्ममृत्यूची पुस्तके, खासरापत्रके, इनामाचे कागद, सगळे मोडीत. आजोबांच्या सहीचा कागद हातात धरून नातवंडे वाचणारा शोधत फिरली. मोडीची छपाई सेरामपूरनंतर जोमाने पुढे चालली असती तर ही लिपी कदाचित इतक्या लवकर परकी झाली नसती. मुंबईच्या छापखान्यांनी बाळबोध म्हणजे देवनागरी उचलली, शाळेची पुस्तके बाळबोधीत आली आणि मोडी मुख्यतः हाताने लिहिण्यापुरती उरली.

११ मार्च १८१२ रोजी संध्याकाळी सेरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी जाऊन त्यांना बातमी सांगितली. कागदाचे साठे, अनेक भाषांचे खिळे, व्याकरणांची हस्तलिखिते आणि कॅरींच्या बहुभाषिक कोशाची कित्येक वर्षांची मेहनत त्यात गेली. नुकसान सुमारे दहा हजार पौंडांचे. राख उपसताना शिसे वितळून गोळा झालेले सापडले, पण पोलादी ठसे शाबूत होते आणि दुसऱ्या खोलीतली छपाईयंत्रेही वाचली. वितळलेले शिसे पुन्हा ओतून लगेच खिळे पाडायला घेतले. ब्रिटनमधल्या मंडळ्यांनी दोन महिन्यांच्या आत नुकसानीएवढी रक्कम जमवली. मोडीचे पुस्तक १८१४ मध्ये पुन्हा बाहेर पडले, त्यावरून मोडीचे ठसेही वाचले असावेत असे मी अनुमान करतो. नव्याने कोरले असते तर इतक्या लवकर, इतर भाषांच्या रेट्यात, मराठीची पाळी आली नसती.

ते १८१४ चे पुस्तक म्हणजे सिंहासनबत्तिशी. त्यामागून हितोपदेश, राजा प्रतापादित्याचे चरित्र आणि रघुजी भोसल्यांची वंशावळी, सगळी १८१६ पर्यंत. ही वैजनाथांची पुस्तके. प्रतापादित्याचे चरित्र हे रामराम बसू यांच्या १८०१ च्या बंगाली पुस्तकाचे मराठी रूप आहे. म्हणजे मराठीत कादंबरीचे नावही नव्हते तेव्हा एक मराठी शास्त्री कलकत्त्यात बसून बंगाली गद्याचे मराठी गद्य करत होता. या चार पुस्तकांकडे आपल्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यायला हवे तितके दिले नाही असे माझे स्पष्ट मत आहे. कॅरींच्या नावाचा प्रकाश इतका, की त्याखाली बसून लिहिणारा हात दिसेनासा झाला.

कॅरींच्या मराठी बायबलचे मोल मात्र बेताचेच. नवा करार १८११ मध्ये आला, जुना करार त्यानंतर. सेरामपूरची पद्धत अशी की संस्कृत भाषांतर पंडितांपुढे ठेवायचे आणि त्यावरून त्यांनी आपापल्या भाषेत उतरवायचे. मग कॅरी तपासणार. चाळीसच्या आसपास भाषांत एकाच वेळी काम चालवायचे तर दुसरा मार्ग नव्हता, आणि त्यात प्रत्येक भाषेचे पाणी थोडे उतरणारच. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आदी अमेरिकन मिशनऱ्यांना ही मराठी आपल्या लोकांत चालेना. त्यांनी नव्याने भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार छापला. शब्दकोशाचेही तेच झाले : १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशात चाळीस हजार शब्द होते, १८५७ च्या आवृत्तीत साठ हजार. कॅरींचे दहा हजार त्यापुढे झाकोळले. पण मोल्सवर्थच्या दिमतीला पुण्या-मुंबईचे पंडित होते आणि पेशवाई बुडालेली होती. कॅरींनी मराठी राज्य उभे असताना, हजार मैल दूर बसून कोश केला.

आता विद्यापीठ. १८१८ मध्ये कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी सेरामपूर कॉलेजची योजना जाहीर केली. आशियाई तरुणांना, ख्रिस्ती असोत वा नसोत, पौर्वात्य वाङ्मय आणि युरोपीय विज्ञान दोन्ही शिकवायचे. सुरुवातीला ३७ विद्यार्थी होते. हुगळीच्या काठावर उंच खांबांची इमारत उभी राहिली, ती आजही आहे. कॉलेजच्या प्रमुखांची यादी कॅरींच्या नावाने सुरू होते. वॉर्ड १८२३ मध्ये वारले. मार्शमन युरोपला गेले आणि डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याला भेटले. २३ फेब्रुवारी १८२७ रोजी राजाने सनद दिली : कोपनहेगन आणि कील विद्यापीठांप्रमाणे सेरामपूरला पदव्या देता येतील. सनदेतल्या पहिल्या मंडळात कॅरी, मार्शमन आणि मार्शमन यांचे चिरंजीव जॉन क्लार्क अशी तीन नावे आहेत. ज्याला इंग्लंडात पदवीचा दरवाजा बंद होता, तो चांभार एका राजाच्या सनदेने पदव्या देण्याचा अधिकारी झाला.

१२ जून १८३३ च्या तारखेचे कॉलेजचे नियम उपलब्ध आहेत. त्यात जात, वर्ण किंवा देश यापैकी कशामुळेही कोणाला प्रवेश नाकारला जाणार नाही असे स्पष्ट लिहिले आहे. हिंदू आणि मुसलमान विद्यार्थ्यांनाही शिकायला वाट मोकळी ठेवली आहे. पुण्यात जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये; त्याच्या १५ वर्षे आधीचा हा कागद आहे. मात्र कॉलेजचे संचालन ख्रिस्ती माणसांकडेच राहील अशी तरतूदही त्याच नियमांत आहे. दरवाजा सर्वांना, किल्ली एकाच्या हाती. दोन्ही कलमे एकत्र वाचली तरच माणूस नीट दिसतो.

आणि पदव्या? कॅरींच्या हयातीत एकही दिली गेली नाही. १८३० पासून कलकत्त्यातल्या मोठमोठ्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या, त्यात मिशनचा आणि कॉलेजचा पैसा गेला. त्याच सुमारास गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या काटकसरीत फोर्ट विल्यम कॉलेजातली प्राध्यापकाची जागाच रद्द झाली आणि कॅरींचे उत्पन्न निम्म्यावर आले. त्याआधी १८२७ मध्येच सेरामपूरची मंडळी आणि इंग्लंडातली सोसायटी यांची फारकत झाली होती. भांडण जागेवरून होते : सेरामपूरच्या इमारती कोणाच्या? म्हाताऱ्या कॅरींवर, ज्यांनी तीस वर्षे पगार पेटीत टाकला, धन जमवल्याचा ठपका आला.

त्यांचे मृत्युपत्र या पार्श्वभूमीवर वाचावे. पहिल्याच कलमात ते म्हणतात की सेरामपूरच्या मिशनच्या जागेवर माझा कसलाही हक्क नाही. मग देणग्या : खनिजे, शंखशिंपले, पोवळी, कीटक आणि वाळवलेल्या वनस्पती यांचा संग्रह कॉलेजला, परदेशी भाषांतली बायबले कॉलेजला. उरलेले ग्रंथ लिलावात विकावेत आणि आलेल्या पैशातून मुलगा जेबेझ याला १५०० रुपये द्यावेत, कारण दोन मुलांना तेवढे पूर्वी दिलेले आहेत. वाटणी सारखी व्हावी यासाठी बापाला पुस्तके विकायला सांगावी लागली. धन जमवल्याच्या आरोपाला याहून पक्के उत्तर मी शोधूनही काढू शकलो नसतो. अंत्यविधी साधा असावा आणि दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारी पुरावे, हेही त्यांनी लिहून ठेवले. ९ जून १८३४ रोजी ते वारले.

सनद कागदावर राहिली. १८४५ मध्ये डेन्मार्कने सेरामपूरसह आपली हिंदुस्थानातली ठाणी साडेबारा लाख रुपयांना कंपनीला विकली. त्या करारात कॉलेजचे अधिकार कायम ठेवण्याचे कलम घातले गेले, म्हणून सनद जिवंत राहिली. इकडे मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये निघाले आणि १८६८ मध्ये जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी त्याचे कुलगुरू झाले. मराठी वाचकाला विद्यापीठ चालवणारा पाळक म्हटले की विल्सनच आठवतात. ते बॅप्टिस्ट नव्हते, आणि त्यांना सरकारने उभे केलेले विद्यापीठ मिळाले. सेरामपूरला आपली सनद वापरायला विसावे शतक उजाडावे लागले. जॉर्ज हॉवेल्स हे वेल्सचे बॅप्टिस्ट पाळक प्राचार्य असताना १९१५ मध्ये धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या दिल्या गेल्या आणि १९१८ मध्ये बंगालच्या कायद्याने त्या अधिकाराला नवी चौकट मिळाली. पुण्यात धर्मशास्त्र शिकून पाळक होणाऱ्या मराठी तरुणांच्या पदवीवर आजही सेरामपूरचे नाव असते.

राहता राहिले वैजनाथ. त्यांचे गाव, त्यांचे घराणे, ते कलकत्त्याला का गेले, तिथे किती वर्षे राहिले, हे कॅरींच्या कागदांतून कळणार नाही. फोर्ट विल्यम कॉलेजच्या कामकाजाची पुस्तके दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पंडितांच्या नेमणुका, पगार, रजा, पुस्तकांना दिलेली बक्षिसे यांच्या नोंदी अशाच पुस्तकांत असतात. नागपूरकर भोसल्यांची वंशावळी लिहिणाऱ्या माणसाचा मागोवा नागपूरच्या मोडी दप्तरांतही घ्यावा लागेल. कुणबी नोंदींच्या निमित्ताने तालुक्यातालुक्यांत जी तरुण मुले मोडी वाचायला शिकली आहेत, त्यांनी वैजनाथांची १८१६ ची छापील वंशावळी हातात घ्यावी. ती मोडीतच आहे, आणि छापील असल्यामुळे तुलनेने स्वच्छ आहे.